खिडकीजवळची कॉट

“आई, तुझ्या ऑफिसात माहीत आहे का, तुला मुलगी आहे ते?”

लाल चिमटा पडद्याच्या दांडीवरून निघतो न निघतो तोच तिने प्रश्न टाकून दिला. मध्ये एक श्वास जरी घेतला असता तरी धीर गळाला असता, आणि मग उद्या शाळेत काकू आणि लंबी या दोन्ही मैत्रिणींनी मिळून तिची सालटी सोलली असती. पैज म्हणजे पैज.

आई चिमटा हातात धरून तशीच उभी राहिली. तिने चिमट्याचं तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. मग हसली.

“हे काय आता नवीनच खूळ?”

“खूळ नाही. माहीत आहे की नाही, एवढंच सांग.”

“माहीत असणारच ना गं. न असायला काय झालं?” आई शेगडीकडे वळली. “सरक बघू, दूध उतू जाईल.”

शेगडीवर दूध नव्हतंच. चहाचं पाणी होतं, आणि तेही अजून कोमट होतं.

ती पुढे काही म्हणणार तेवढ्यात लॅपटॉप वाजला. आईने ओठांवर बोट ठेवलं, चिमटा पुन्हा दांडीवर चढला आणि तिचा श्वास आपोआप अर्धा झाला. खुर्चीत बसता बसता आईने वरची दोरी ओढून पाठीमागच्या कापडावरची छापील भिंत खाली सोडली, केसांवरून हात फिरवला आणि दुसऱ्याच एका आवाजात म्हणाली, “नमस्कार, नमस्कार! सगळ्यांना ऐकू येतंय ना?”

चिमटा तसा साधाच, कपडे वाळत घालायचा. पण त्यांच्या घरात त्याला कायद्याचं वजन होतं. तो दांडीवर दिसला की आईचा किंवा बाबाचा माइक चालू, आणि माइक चालू म्हणजे घरभर अळीमिळी गुपचिळी. घर म्हणजे तरी काय, सात मीटर लांबीची गाडी. बाबा तिला ‘बंगला’ म्हणायचा. बंगल्यात शेगडी होती, दोन माणसांचं टेबल होतं, त्यावर तिघं जेवायची, आणि मागच्या बाजूला आडवी टाकलेली एक फळी होती, ती तिची खोली. छापील भिंत खाली आली की तिची खोली भिंतीच्या मागे जायची. भिंतीवर पुस्तकांचं कपाट होतं, कुंडी होती, पांढऱ्या पडद्यांची एक मोठी खिडकी होती. दवाखान्यांतल्या लोकांना नवं सॉफ्टवेअर वापरायला आई पडद्यावरून शिकवायची, आणि पलीकडून बघणाऱ्यांना वाटायचं की या बाई कुठल्या तरी प्रशस्त, उजेडाच्या खोलीत बसल्या आहेत. मागून पाहिलं तर ती सगळी पुस्तकं उलटी दिसत. गेल्या सव्वादोन वर्षांत तिने ती मागूनच पाहिली होती.

सव्वादोन वर्षांत बाकी मात्र पुष्कळ पाहिलं होतं. ते नाकारण्यात अर्थ नव्हता. सकाळी सातला तळ्यात वल्हं मारायचं, तळ्यावरचं धुकं फाटताना बघायचं, आणि साडेनऊच्या ठोक्याला आई टेबलाशी, बाबा ड्रायव्हरची खुर्ची उलटी फिरवून तिथे. बाबा पुलांचे नकाशे तपासायचा. साडेनऊ ते सहा दोघं आपापल्या पडद्यात. तिची शाळाही पडद्यावरच होती, पण ती दुपारी बारालाच संपायची. मग ती बाहेर पडायची. टेकडी चढायची, ओढ्यात पाय सोडून बसायची, गुहा दिसली तर गुहेत शिरायची. वाटेने कुणी येताना दिसलं की त्यांना थांबवून किती वाजले विचारायची. मनगटावर घड्याळ असायचंच. ते बाहीच्या आत सरकवून ठेवायचं, एवढंच.

मैत्रिणीही झाल्या होत्या. गाड्या उभ्या करायच्या तळावर एखादी समवयस्क भेटायची, पहिल्या दिवशी लाजायची, दुसऱ्या दिवशी गळ्यात गळा, चौथ्या दिवशी तिच्या गाडीच्या मागच्या काचेतून हात हलायचा. तिच्या मैत्रीचं सरासरी आयुष्य चार दिवस होतं.

आणि मग एका घाटात बंगल्याच्या गिअरबॉक्सने राम म्हटला.

मेकॅनिकने गाडी ओढून आणली, गॅरेजच्या मागच्या अंगणात लावली, खाली वाकून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, “पार्ट लांबून येणार. तोवर आपण शेजारी.” दोन आठवडे म्हणता म्हणता नऊ झाले. एवढा मुक्काम कुठेच झाला नव्हता. चौथ्या दिवशीच आईने चौकशी केली आणि तिचं नाव दोन गल्ल्या सोडून असलेल्या शाळेत घातलं, तात्पुरतं म्हणून.

शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं. तिने वाचला. बाई म्हणाल्या, “वाच ना.” तिने पुन्हा वाचला. बाई जवळ आल्या, कान पुढे केला आणि म्हणाल्या, “अगं, मागच्या बाकापर्यंत जायला हवा आवाज.” मागच्या बाकावरून एक उंच मुलगी ओरडली, “बाई, ही म्यूटवर आहे!”

सगळा वर्ग हसला. तीसुद्धा हसली, पण तिचं हसू कुणाला ऐकू आलं नाही. तेव्हापासून तिचं नाव म्यूट.

ओरडणारी ती लंबी. लंबीच्या शेजारी बसायची ती काकू. काकूचं वय पंधराच, पण सगळ्यांना स्वेटर घाल, पाणी पी, पुस्तक डोळ्यांना चिकटवू नकोस असं सांगत फिरायची म्हणून काकू. ती शाळेच्याच हॉस्टेलात राहायची. तिच्या तीन कॉटांच्या खोलीतली एक मुलगी महिन्यापूर्वी गाव सोडून गेली होती, आणि त्या रिकाम्या कॉटवर काकू ओले टॉवेल पसरायची. या दोघींनी मिळून म्यूटला कामाला लावलं. मैदानाच्या एका टोकाला तिला उभं करायचं, दुसऱ्या टोकाला आपण जायचं, आणि तिथून ओरडायचं, “ऐकू नाही येत!” पहिल्या आठवड्यात तिचा घसा बसला. पाचव्या आठवड्यात शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन खिडकी लावून घेतली. आता सामन्याच्या वेळी बाई तिला मुद्दाम कडेला उभं करायच्या, कारण ती एकटी पाच जणींइतकी ओरडायची. नाव मात्र म्यूटच राहिलं. कोळशाला हिरा म्हणावं तसं.

पैज लागली ती एका बिस्किटाच्या पुड्यावरून. मधल्या सुट्टीत तिने सहज दाखवलं, आवाज न करता पुडा कसा फोडायचा ते. टोकाशी चिमटीत धरायचा, ओल्या बोटाने शिवण भिजवायची, आणि कुणी बोलत असेल त्या शब्दाखाली थोडंथोडं उकलायचं. तिने लंबीच्या कानामागे पुडा फोडला आणि दोन बिस्किटं खाल्लीसुद्धा, तरी लंबीला पत्ता नाही.

“चोर आहेस तू चोर!” लंबी म्हणाली. “अजून काय काय येतं?”

मग तिला चेवच आला. नळाला कापडाची पट्टी बांधली की पाणी पट्टीवरून उतरतं, भांड्यात पडल्याचा आवाज होत नाही. चेन एकेक दात सोडत उघडायची. शिंक आली तर जीभ टाळूला दाबायची, नाहीच जमलं तर उशी. बंगल्याच्या फरशीतल्या कुठल्या तीन पट्ट्या करकरतात, तेही तिने पायरीवर खडूने आखून दाखवलं. लंबी हसून हसून लोळायची बाकी होती. काकू हसता हसता थांबली.

“म्हणजे तुझ्या आईच्या ऑफिसातल्या कुणी तुझा आवाज ऐकलेलाच नाही?”

“नाही ना! एकदाही नाही. रेकॉर्ड आहे माझा.”

“आणि पाहिलंही नाही?”

“मी भिंतीमागे असते.”

“मग त्यांना माहीत तरी आहे का, तू आहेस ते?”

एवढं साधं गणित, पण तिने कधी मांडलंच नव्हतं.

“विचारून दाखव,” लंबी म्हणाली. “आजच. नाही विचारलंस तर उद्या तुझा डबा माझा.”

म्हणून तिने विचारलं होतं. आणि दूध उतू चाललं होतं.

संध्याकाळी मेकॅनिक बंगल्याच्या दारावर बोटाने टकटक करत आला. पार्ट आला होता. गुरुवारपर्यंत बसवून देतो, शनिवारी सकाळी खुशाल निघा, असं म्हणाला. बाबाने आनंदाने त्याचे दोन्ही तेलकट हात हातात घेतले. आई म्हणाली, “वा, वा!” ती काहीच म्हणाली नाही. माइक कुणाचाच चालू नव्हता, तरीही.

बुधवारी काम आटोपल्यावर बाबा तिला गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीवर घेऊन गेला. बंगल्याच्या पाठीला टांगलेल्या दोन सायकली काढल्या, दोर घेतला. निघण्याआधी एकदा इथला कातळ चढून टाकू, असं बाबाचं म्हणणं. खाणीत चिटपाखरू नव्हतं. तळाशी साचलेल्या पाण्यात आभाळ पडलं होतं, आणि समोर सरळसोट, पिवळट कातळ.

बाबाने आपले बूट काढून चढाईचे बूट घातले. फोन खिशातून काढला, काढलेल्या बुटात टाकला, तो बूट उचलून दहा पावलं लांब एका दगडावर ठेवून आला, आणि मगच दोर हातात घेतला. हे तो गेल्या वर्षापासून करत होता. त्यावर दोघं कधी बोलत नसत.

गेल्या वर्षी अशाच एका कड्यावर ती वर पोचली होती. वरून तिने हाक मारली, “उतरवतोस?” बाबाने अंगठा वर केला. ती विश्वासाने मागे रेलली. अंगठा तिच्यासाठी नव्हता. शेजारच्या दगडावर फोन उभा करून ठेवला होता, त्यात सहा माणसं बसली होती, आणि कुठल्याशा पुलाचा नकाशा पाठवू का म्हणून विचारत होती. दोर सैल होता. ती दीड पुरुष खाली गेली तेव्हा बाबाला कळलं आणि त्याने अंगाचा भार टाकून दोर धरला. गुडघा सोलला, बाकी काही नाही. पण तिला खाली घेतल्यावर बाबाला तिच्या कमरेची गाठ सुटेना. शेवटी ती तिनेच सोडली. “आईला नको सांगूस हं, पिल्लू,” एवढंच तो म्हणाला. तिने आईला खडीवर पाय घसरला म्हणून सांगितलं. आईने औषध लावलं, फुंकर घातली आणि चिमटा लावून कामाला बसली.

आता ती अर्ध्या कातळावरच्या अरुंद खाचेत पाय रोवून उभी राहिली आणि गाल दगडाला टेकवून खाली ओरडली.

“बाबा, आईच्या ऑफिसात माहीत आहे का, मी आहे ते?”

खाणीने तो प्रश्न सगळीकडे फिरवून आणला. पलीकडच्या दगडावर बूट थरथरला. बाबाने तिकडे पाहिलं नाही.

“आत्ता चढ की बाई! हे काय बोलायचं ठिकाण आहे?”

“आधी सांग.”

“माझ्या ऑफिसात माहीत आहे. तळ्यातला तुझा फोटो पाठवलाय मी सगळ्यांना.”

“मी आईच्या विचारलं.”

“मग आईला विचार.”

“विचारलं. दूध उतू चाललं होतं.”

बाबा हसला. मग हसायचा थांबला.

“त्या वेळी तिच्या साहेबांनी...” तो म्हणू लागला. “जाऊ दे. तिचं ती सांगेल. दे थोडा वेळ तिला.”

“शनिवारी तर निघायचंय.”

“निघायचं आहेच. पण आई येतेच आहे ना बरोबर?”

तिने वरचा दगड चाचपला. कमरेचा दोर किंचित ताणला गेल्याचं तिला जाणवलं. बाबाने खालून त्यातली होती नव्हती ती ढील काढून घेतली होती.

गुरुवारी शाळा लवकर सुटली. बाईंच्या बैठका होत्या. आईला वाटत होतं, ती नेहमीसारखी चारला येईल. सव्वाबाराला ती बंगल्याशी आली तेव्हा गाडी नुकतीच जॅकवरून उतरली होती, बाबा आणि मेकॅनिक पुढे गॅरेजात चहा पीत होते, आणि दाराच्या काचेतून लाल चिमटा दिसत होता.

मग हात आपोआप चालले. मूठ वर उचलून दार उघडलं, म्हणजे कडी वाजत नाही. बूट काढून हातात घेतले. दुसरी, पाचवी आणि सहावी पट्टी चुकवली. आई पाठमोरी होती, कानांवर हेडफोन. ती भिंतीच्या कडेने आत सरकली, फळीवर चढली, आडवी झाली. मांजरालाही हेवा वाटला असता. आईने शिकवलेलं सगळं असं फळाला आलं होतं की आईलाच त्याचा पत्ता नव्हता.

आई शिकवत नव्हती. आवाज शिकवण्याचा नव्हता. ऑफिसातल्या कुणा मैत्रिणीशी बोलत असावी. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, आईचंच तेवढं.

“अगं मजेत आहे. आता काय, रुळली छान... नाही नाही, रडत नाही आता फोनवर. पहिलं वर्ष जरा जड गेलं.”

तिला वाटलं, चुलत-मावस कुणाचं चाललं असेल.

“हो ना, तिघीजणी आहेत एका खोलीत. आणि सांगते काय, खिडकीजवळची कॉट मिळाली शेवटी. किती दिवस मागे लागली होती!... छे गं, मैत्रिणींना काय तोटा. सुट्टीत घरी यायला तयार नसते बाईसाहेब.”

आई हसली. असं मोकळं हसू तिने पूर्वी कधी ऐकलं होतं, ते तिला आठवेना.

“आवाज! तिचा आवाज विचारू नकोस. बाथरूममध्ये मोठमोठ्यांदा गाते म्हणे. रेक्टरबाईंची तक्रार आली होती... हो, लहानपणापासून तशीच आहे माझी पोर. घर डोक्यावर घ्यायची.”

ती छापील भिंतीकडे बघत पडून राहिली. उलटी पुस्तकं, उलटी कुंडी. खिडकीतून येणारा उजेड खरा होता, आईच्या टेबलावरच्या दिव्याचा.

“नाही, पाठवायचं मनात नव्हतंच माझ्या. पण सरांनी तेव्हा सरळ विचारलं ना, घरात मूल आहे, मग दिवसभर शिकवणार कशा? म्हणून म्हटलं मग, होस्टेलला आहे म्हणून...” आई अडखळली. “म्हणजे, होस्टेलला ठेवू म्हणून. तेच बरं झालं तिच्यासाठी. आपल्यासारखं कुठे एकटं एकटं...”

तिच्या नाकात शिंक आली. तिने जीभ टाळूला दाबली. नाहीच जमलं तेव्हा उशी.

“कसला आवाज? नाही गं, इथे कोण असणार?” आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, “हो, वाटतं ना. ती नसली की घर कसं शांत शांत वाटतं.”

बोलणं संपलं. आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. चिमटा काढल्याचा आवाज झाला नाही. भिंतीवर आईची सावली पडली होती. ती खूप वेळ हलली नाही. मग सावलीचा हात वर आला आणि छापील खिडकीवर टेकला, कुणी खरोखरीच्या खिडकीला टेकतं तसा. तो तिच्या चेहऱ्यापासून वीतभर लांब होता. तिने श्वास धरून ठेवला. या खेपेला माइक बंद होता, आणि एकदा खाकरणं पुरलं असतं. खाकरली नाही.

आई उठली, पाण्याचा कॅन घेऊन नळावर गेली. ती फळीवरून उतरली. सहावी, पाचवी, दुसरी.

आपल्याला राग येईल असं तिला वाटलं होतं. ती गॅरेजच्या भिंतीला टेकून रागाची वाट बघत उभी राहिली. पण मनात पुन्हा पुन्हा ती दुसरीच मुलगी येत होती, बाथरूममध्ये मोठ्यांदा गाणारी, खिडकीजवळच्या कॉटवाली. तिला त्या मुलीला भेटावंसं वाटत होतं. आई सव्वादोन वर्षं किती मन लावून तिला वाढवत होती. मैत्रिणी दिल्या, आवाज दिला, कॉटसाठी हट्ट करू दिला. आपल्याला काय काय हवं होतं ते आईला इतकं अचूक कसं माहीत?

मग ती दोन गल्ल्या धावत शाळेत गेली.

हॉस्टेलच्या बाई वह्यांच्या ढिगाआड बसल्या होत्या. बैठक आटोपून नुकत्याच आल्या होत्या. तिने धापा टाकतच काकूच्या खोलीतली रिकामी कॉट मागितली.

“आई-बाबांना विचारलंस?”

“आज सांगणार आहे.”

“सांगायचं नसतं बाळ. विचारायचं असतं.” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पण खण उघडून फॉर्म काढला. “दोघांची सही लागेल. आणि ती टॉवेलवाली कॉट कुणाची आहे ते काकूला विचार, मला नको.”

काकूने टॉवेल उचलले. ती एवढी खूश झाली की तिला बोलता येईना, म्हणून तिने दटावायला सुरुवात केली.

“गादी उन्हात घालायला हवी. आणि ही दाराजवळची आहे, वारा लागतो, मोजे घालून झोपायचं. खिडकीजवळची माझी. तीन वर्षांची वहिवाट आहे, आत्ताच सांगून ठेवते.”

“थोडे दिवससुद्धा नाही?”

“एक रात्रसुद्धा नाही.”

लंबी दारात उभी राहून म्हणाली, “म्यूट, आई नाही म्हणाली तर?”

फॉर्मची घडी घालून तिने खिशात ठेवली.

संध्याकाळी बंगल्याचं दार तिने सगळ्या ताकदीनिशी आपटून बंद केलं. अंगणात हात धूत असलेल्या मेकॅनिकने चमकून पाहिलं. आई-बाबा टेबलाशी होते. ब्रेड भाजून झाला होता, अंड्यांचा वास दरवळत होता, आणि बशा बाजूला सारून बाबाने नकाशा पसरला होता. बाहेर अजून ऊन होतं.

“दार आहे ते, शत्रू नाही,” आई म्हणाली. “ये, बस.”

“हे बघ,” बाबा नकाशावर बोट ठेवून म्हणाला, “इथे नेटवर्कच्या चार दांड्या आहेत, आणि नदी आहे. सकाळी नदीत उतरायचं, साडेनऊला कामावर. आणि इथे कडे असे आहेत ना...”

ती बसली नाही. टेबलाच्या कडेला लाल चिमटा पडला होता. तिने तो उचलला, दाब देऊन उघडला आणि पडद्याच्या दांडीवर लावला.

बाबाचं वाक्य तिथेच तुटलं. त्याच्या तोंडात घास तसाच राहिला. आईने घाईघाईने लॅपटॉपकडे पाहिलं. तो मिटलेला होता. फोनकडे पाहिलं. तोही काळा. दोघांनी तिच्याकडे पाहिलं, हाताची घडी, तोंडावर बोट अशा अवस्थेत, आणि बंगल्यात इतकं शांत झालं की शेगडीवरच्या निवणाऱ्या तव्याची टिकटिक ऐकू येऊ लागली.

“मला बोलायचं आहे,” ती म्हणाली. मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. बंगल्याला मागचा बाक नव्हता, त्यामुळे आवाज भिंतींना आपटून परत आला.

तिने खिशातून फॉर्म काढला, नकाशावर नदीच्या वर पसरला, हाताने घड्या सपाट केल्या.

“मी शनिवारी येणार नाही. मी इथेच राहणार आहे, शाळेच्या हॉस्टेलात, शाळा संपेपर्यंत. सुट्टीत येईन, बंगला जिथे असेल तिथे.”

कुणी बोललं नाही. चिमटा लागलेला होता. थोड्या वेळाने बाबाने वर्गात करतात तसा हात वर केला. तिने मान हलवली.

“तुझा दोर कोण धरणार?”

“लंबी. शाळेच्या जिमखान्यात भिंत आहे चढायची, तिथे शिकतेय ती. आणि तिचा फोन तिच्या आईने जप्त केलाय.”

बाबाने बशीकडे पाहिलं. हसला की काय केलं ते नीट कळलं नाही. मग त्याने शर्टाच्या खिशातलं पेन काढून फॉर्मशेजारी ठेवलं.

आईने हात वर केला नाही. ती फॉर्म वाचत होती, किंवा वाचल्यासारखं करत होती.

“होस्टेल म्हणजे काय असतं, माहीत आहे का तुला?” ती शेवटी म्हणाली. “सगळी परकी माणसं. तिथे तुझं कसं होईल गं?”

“चांगलं होईल. एका खोलीत तिघी आहोत आम्ही.”

आईने चटकन वर पाहिलं.

“फक्त एक आहे आई,” ती म्हणाली. तिने पेनाचं टोपण काढलं आणि पेन आईच्या हातात दिलं. “कॉट दाराजवळची मिळाली आहे. खिडकीजवळची काकूची आहे, ती काही सोडत नाही. तेवढं ऑफिसात तू सांभाळून घे.”